एका अल्बमापुरता बँड

१९८० सालचा हिवाळा. लंडनच्या पश्चिमेला टिटनहर्स्ट पार्क नावाचं एक ऐसपैस पांढरं घर आहे. जॉन लेनन इथे राहायचा, ‘इमॅजिन’चं ध्वनिमुद्रण त्याने इथेच केलं. पुढे हे घर रिंगो स्टारकडे गेलं. त्या हिवाळ्यात जुडास प्रीस्ट हा बँड तिथे मुक्काम ठोकून ‘ब्रिटिश स्टील’ या अल्बमचं काम करत होता. एका गाण्यात लोखंडी यंत्रमानवांची पलटण चालून येतेय असा आवाज हवा होता. असे आवाज बटण दाबून काढून देणारी यंत्रं तेव्हा स्टुडिओत सर्रास नव्हती. मग बँडचा गायक रॉब हॅल्फर्ड याने सुऱ्या-काटे-चमच्यांनी भरलेला ट्रे घेतला आणि मायक्रोफोनसमोर तो पुन्हापुन्हा उचलून आपटला. ‘मेटल गॉड्स’ या गाण्यात आजही ऐकू येणारी ती पोलादी पावलं म्हणजे जेवणाच्या टेबलावरचे काटे-चमचे.

अठरा वर्षांनी याच गायकाचा एक अल्बम आला. त्यात यंत्रांचा खणखणाट होता, पण तो संगणकातून आलेला. त्या खणखणाटात हॅल्फर्डचा जगप्रसिद्ध आवाज जवळजवळ ओळखू येईनासा झाला होता. बँडचं नाव ‘टू’, लिहिताना पहिल्या अक्षराच्या जागी २ हा आकडा. अल्बमचं नाव ‘व्हॉयर्स’, म्हणजे दुसऱ्याचं खासगी आयुष्य चोरून पाहणारे. १० मार्च १९९८ रोजी तो बाजारात आला, फारसा खपला नाही आणि त्याच वर्षी बँड विस्कटला. दुसरा अल्बम निघालाच नाही. हेवी मेटलच्या बहुतेक चाहत्यांनी तो विसरायचं ठरवलं. पण हा अल्बम लोकांसमोर आणण्याच्या धावपळीतच हॅल्फर्डने आयुष्यभर दाबून ठेवलेली एक गोष्ट जगाला सांगितली. त्यामुळे या फसलेल्या अल्बमची कहाणी त्याच्या कित्येक गाजलेल्या अल्बमपेक्षा मोलाची आहे.

हॅल्फर्डचा जन्म १९५१चा. तो वाढला इंग्लंडच्या मध्यभागी, बर्मिंगहॅमला लागून असलेल्या वॉल्सॉल गावात. हा सगळा पट्टा ‘ब्लॅक कंट्री’ म्हणून ओळखला जातो. कोळसा, भट्ट्या आणि लोखंडाचे कारखाने यांच्या काजळीने काळवंडलेला हा मुलूख. वडील पोलादाच्या धंद्यात. शाळेच्या वाटेवर लोखंडाचा कारखाना लागायचा आणि तिथल्या धुराने छाती भरून जायची, ही आठवण त्याने अनेकदा सांगितली आहे. ब्लॅक सॅबथ बर्मिंगहॅमचा आणि जुडास प्रीस्टही याच टापूतला. या संगीताला ‘मेटल’ हे नाव कुठूनही आलेलं असो, ते ज्यांनी घडवलं त्यांच्या लहानपणी धातूचा आवाज रात्रंदिवस कानावर पडत होता.

१९७३ मध्ये हॅल्फर्ड जुडास प्रीस्टमध्ये आला. बँडचा बेस वाजवणारा इयन हिल तेव्हा हॅल्फर्डच्या बहिणीबरोबर फिरत होता, त्या ओळखीतून हे जमलं. तोवर नाट्यगृहात प्रकाशयोजनेची उमेदवारी आणि कपड्यांच्या दुकानातली नोकरी असं त्याचं चाललं होतं. पण गळा असा की एकदा ऐकला की विसरता येऊ नये. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मध्य सप्तकात भरदार आणि गोलाई असलेला, आणि तिथून एका झेपेत तार सप्तकाच्याही वर जाऊन पोलादावर पातं घासल्यासारखा लखलखणारा. १९९०च्या ‘पेनकिलर’मध्ये हा टिपेचा आवाज कळसाला पोचला. ते शीर्षकगीत गाताना आजही तरुण गायकांचे गळे बसतात.

आवाजाइतकाच ठसठशीत होता त्याचा पोशाख. १९७८च्या आसपास हॅल्फर्डने काळं चामडं, चकाकणारे खिळे, साखळ्या आणि टोपी असा वेश घेतला. रंगमंचावर तो हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलवर बसून यायचा. बघता बघता जगभरच्या हेवी मेटलवाल्यांचा तोच गणवेश झाला. धारावीतून किंवा गोव्यातून चामड्याचं जाकीट आणून मनगटाला खिळ्यांचा पट्टा बांधणारा आपल्याकडचा कॉलेजकुमारही नकळत त्याच वेशाचा वारसदार. या वेशातलं बरंचसं सामान मात्र लंडनमधल्या अशा एका दुकानातून आलेलं होतं, जिथलं गिऱ्हाईक प्रामुख्याने चामड्याच्या वेशाचे शौकीन असलेले समलिंगी पुरुष. चाहत्यांना त्यात रांगडी मर्दानगी दिसली. हॅल्फर्डने मात्र पुढे ठासून सांगितलं की त्यात काही गुप्त इशारा वगैरे नव्हता; त्या संगीताला शोभेल असा वेश हवा होता, तो तिथे मिळाला, इतकंच.

पण तो स्वतः समलिंगी होता, हे खरं होतं. इंग्लंडमध्ये १९६७पर्यंत पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता. तो कायदा बदलला तेव्हा हॅल्फर्ड पंधरा-सोळा वर्षांचा होता. कायद्याने मोकळीक दिली म्हणून वॉल्सॉलच्या कामगार वस्तीने दिली असं नाही, आणि हेवी मेटलच्या प्रेक्षागृहाने तर नाहीच. बँडमधल्या मित्रांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी कधी त्यावरून त्याला दुखावलं नाही, पण बाहेर अवाक्षरही काढायचं नाही हे सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं होतं. आपण खरं बोललो तर पाच जणांची भाकरी जाईल ही भीती त्याच्या मनात घर करून होती. गाण्यांत मात्र कधीकधी वाफ बाहेर पडायची. १९७७च्या ‘सिन आफ्टर सिन’ अल्बममधल्या ‘रॉ डील’ या गाण्यात न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडचा उघड उल्लेख आहे. ते बेट समलिंगी पुरुषांचं सुट्टीचं ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. हजारो चाहत्यांनी ते गाणं ऐकलं आणि कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. या कोंडमाऱ्यात दारू आणि अमली पदार्थ आले, आणि १९८६च्या सुरुवातीला त्याने ते कायमचे सोडले.

१९९०चं दशक उजाडलं ते थकवा घेऊन. १९९०च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रीनो शहरात बँडवर खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या, त्याला प्रीस्टच्या एका गाण्यात दडवलेला छुपा संदेश कारणीभूत आहे, असा आरोप होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला, पण कित्येक आठवडे कोर्टात बसून आपल्याच गाण्यांची उलटतपासणी ऐकणं कुणालाही आतून हलवून टाकणारं होतं. १९९१च्या ऑगस्टमध्ये टोरांटोत, धुराने भरलेल्या रंगमंचावर मोटारसायकलवरून येताना हॅल्फर्ड अर्धवट वर गेलेल्या जिन्यावर आदळला आणि त्याचं नाक मोडलं. १९९२ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. त्याला बाजूला एक स्वतःचं काम करून पाहायचं होतं. करारातली कलमं आणि एकमेकांशी समोरासमोर न बोलण्याची सवय, यांत त्याचं रूपांतर काडीमोडात झालं.

बाहेर जगही बदललं होतं. १९९१च्या अखेरीपासून सिएटलच्या बँडनी अमेरिकेतली सगळी हवा फिरवली. चामडं, साखळ्या, टिपेचे सूर हे सगळं एकाएकी जुनाट वाटू लागलं. त्या काळात हेवी मेटलचे मोठमोठे गायक घर सोडून वाट शोधत हिंडत होते. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बँडमधून बाहेर पडला. लांब केस कापून १९९६ मध्ये त्याने ‘स्कंकवर्क्स’ काढला. तीही एका अल्बमाची वस्ती. हॅल्फर्डने आधी ‘फाइट’ हा बँड उभा केला. १९९३चा त्यांचा ‘वॉर ऑफ वर्ड्स’ कणखर आणि रागीट होता, १९९५चा दुसरा अल्बम त्यामानाने विझलेला. मग तोही बँड संपला.

याच सुमाराला त्याची गाठ पडली जॉन लोरी या पंचविशीतल्या गिटारवादकाशी. लोरी मिशिगनचा. बोटं अफाट वेगवान, आणि लोकसंगीतापासून मेटलपर्यंत काहीही वाजवण्याची तयारी. के. डी. लँगसारख्या हळुवार गायिकेच्या साथीलाही तो होता. दोघांबरोबर निर्माता बॉब मार्लेट. हाच मार्लेट १९९८ मध्ये ब्लॅक सॅबथच्या ‘रीयुनियन’ या अल्बममधल्या दोन नव्या गाण्यांचाही निर्माता होता. तिघांनी मिळून गाणी रचली आणि कच्चं ध्वनिमुद्रण तयार केलं. हे मेटलच होतं, फक्त काळाला धरून थोडं नवं.

पुढचं वळण आलं न्यू ऑर्लीन्समध्ये. नाइन इंच नेल्स या बँडचा सर्वेसर्वा ट्रेंट रेझनर याचा स्टुडिओ तिथे मॅगझिन स्ट्रीटवर होता. इमारत पूर्वी मयतांची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेची. स्टुडिओचा दरवाजा तर आणखी भयाण इतिहासाचा: लॉस एंजेलिसमधल्या ज्या घरात १९६९ मध्ये अभिनेत्री शॅरन टेट हिची हत्या झाली, त्या घराचा तो पुढचा दरवाजा. रेझनर काही काळ त्या घरात राहिला होता आणि घर पाडण्याआधी दरवाजा घेऊन आला. त्या दारातून हॅल्फर्ड आत गेला आणि आपली गाणी रेझनरला ऐकायला देऊन आला.

रेझनर तेव्हा ज्या संगीताचा सर्वांत मोठा माणूस होता, त्याला ‘इंडस्ट्रियल’ म्हणतात. १९७६ मध्ये लंडनमधल्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने आपल्या ध्वनिमुद्रिकांसाठी ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्‌स’ ही कंपनी काढली, तिथून हे नाव आलं. यात ठेका यंत्राचा असतो, गिटारचे तुकडे कापून संगणकावर पुन्हा जोडलेले असतात आणि गायकाचा आवाज मुद्दाम चुरगळून, घोगरा करून ठेवलेला असतो. १९९४चा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ हा रेझनरचा अल्बम या प्रकाराचा मानदंड. त्याच्या ‘नथिंग’ या कंपनीने १९९६ मध्ये मॅरिलिन मॅन्सनचा ‘अँटिख्राइस्ट सुपरस्टार’ काढला आणि अमेरिकेत खळबळ उडवली. रेझनरला हॅल्फर्डची गाणी आवडली, पण त्यांचा सगळा पोत बदलायला हवा असं त्याचं मत पडलं. कामाला त्याने डेव्ह ओगल्वी या कॅनडातल्या जाणकाराला लावलं, जो स्किनी पपी या गटाबरोबर वर्षानुवर्षं काम करत आला होता. गाणी सोलून काढली गेली, नवे थर चढले. कार्यकारी निर्माता म्हणून रेझनरचं नाव लागलं. की-बोर्डवर पूर्वी नाइन इंच नेल्समध्ये असलेला जेम्स वूली, बेसवर रे रिएंडो, ड्रमवर सिड रिग्ज असा संच जमला.

अल्बम मन लावून ऐकला तर त्यात वाईट काहीच नाही. ‘हे, शा ला ला’ची चाल पटकन ओठांवर येते. ‘वॉटर्स लीकिंग’चा संथ, दमट माहोल अंगावर येतो. पण अडचण पहिल्याच गाण्यापासून जाणवते. ‘आय अ‍ॅम अ पिग’, मी डुक्कर आहे. डुक्कर हे रेझनरच्या गाण्यांमधलं आवडतं प्रतीक. ‘द डाउनवर्ड स्पायरल’मध्ये दोन गाण्यांच्या नावांतच ते आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हे घर दुसऱ्याचं आहे आणि पाहुणा यजमानाचे कपडे घालून बसला आहे. ज्या गळ्यासाठी लोक पैसे मोजत, तो इथे जवळजवळ सबंध अल्बमभर मध्य सप्तकाच्या खालच्या अंगाला रेंगाळतो. कुजबुजतो, गुरगुरतो, यंत्रातून गाळून येतो. तार सप्तकाकडे तो जवळजवळ फिरकतच नाही. एखाद्या पट्टीच्या तानबाज गायकाने सबंध मैफल खर्जात गुणगुणत काढावी, तसं हे. त्यात साधनेची वेगळी खोली असू शकते, पण श्रोता तासभर त्या एका तानेची वाट पाहत बसतो आणि ती येत नाही.

तरीही गाण्यांची नावं एकाखाली एक वाचली की वेगळंच काही दिसू लागतं. माझं छत खाली आलंय. मला एकटं सोडा. जमिनीत खोल. जागा हो. ही कुणा यंत्रमानवाची गाणी नाहीत. ही कोंडलेल्या खोलीत बसलेल्या माणसाची गाणी आहेत. प्रीस्टच्या गाण्यांत हॅल्फर्ड ड्रॅगन, देवदूत आणि पोलादी देवांच्या कथा सांगायचा. इथे तो पहिल्यांदाच सलग अकरा गाणी एका शरीराबद्दल, त्याच्या वासनेबद्दल आणि लाजेबद्दल बोलत होता. ‘आय अ‍ॅम अ पिग’चा व्हिडिओ त्याने प्रौढांच्या चित्रपटांचा प्रसिद्ध समलिंगी दिग्दर्शक ची ची लारू याच्याकडून करवून घेतला. म्हणजे दार किलकिलं झालेलंच होतं.

अल्बम बाजारात येण्याआधी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, हॅल्फर्ड न्यूयॉर्कला एमटीव्हीच्या स्टुडिओत मुलाखतीला बसला. डोळ्यांत काजळ, हनुवटीवर दाढी, अंगावर लांब फरचा कोट. चाहत्यांना ओळखीचा असलेला चामडी वेश नाहीच. बोलणं नव्या संगीताबद्दल चाललं होतं. आणि बोलता बोलता, काही ठरवलेलं नसताना, तो म्हणून गेला की आपण आयुष्यभर समलिंगी आहोत, बहुतेकांना ते माहीत असावं, आणि आता कुठे त्याबद्दल बोलणं आपल्याला सोपं वाटतंय. त्याच क्षणी खोलीत कुणाच्या तरी हातून क्लिपबोर्ड खाली पडल्याचा आवाज झाला, अशी आठवण त्याने पुढे सांगितली आहे. तो सेहेचाळीस वर्षांचा होता. पंचवीस वर्षं गळ्यात अडकलेलं वाक्य एका श्वासात बाहेर पडलं होतं.

त्या काळात असं बोलणं किती जोखमीचं होतं, हे आज सहज लक्षात येत नाही. अमेरिकेत अभिनेत्री एलेन डिजेनेरेसने आपण समलिंगी असल्याचं सांगून जेमतेम वर्ष होत होतं. १९९८च्याच ऑक्टोबरमध्ये वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याचा केवळ समलिंगी असल्यामुळे छळ करून खून झाला. ब्रिटनमध्ये स्थानिक संस्थांना समलैंगिकतेला ‘प्रोत्साहन’ देण्यास बंदी करणारं कलम २८ अजून लागू होतं. जड संगीताच्या जगात हॅल्फर्ड पहिलाच होता असं म्हणता येणार नाही. फेथ नो मोअर या बँडचा रॉडी बॉटम १९९३ मध्येच मोकळेपणाने बोलला होता. पण हेवी मेटलचा सगळा वेश, सगळी ऐट ज्याच्यावरून बेतलेली, त्या माणसाने हे सांगणं वेगळं होतं. चाहते पाठ फिरवतील ही त्याची भीती खोटी ठरली. पत्रांचा ओघ सुरू झाला. त्यांत बहुतेक पाठिंब्याची होती, आणि काही अशा मुलांची, ज्यांना वाटत होतं की मेटल ऐकणारे आणि समलिंगी असे जगात आपण एकटेच.

अल्बमला मात्र याचा काही फायदा झाला नाही. जुन्या चाहत्यांनी रॉबला आपलं मानलं, ‘टू’ला नाही. नाइन इंच नेल्स ऐकणाऱ्या तरुणांना पन्नाशीकडे झुकलेला मेटलचा गायक नको होता. शिवाय इंडस्ट्रियलची लाट तेव्हा ओसरायला लागली होती. त्याच वर्षी लोरीला मॅरिलिन मॅन्सनच्या बँडचं बोलावणं आलं. तिथे तो पाचवा, म्हणून मॅन्सनने त्याचं नाव ठेवलं ‘जॉन ५’. याच नावाने तो पुढे रॉब झॉम्बीबरोबर वाजवत राहिला आणि २०२२ मध्ये मॉटली क्रूमध्ये गेला. जोडीतला एक निघून गेला आणि ‘टू’ संपला.

हॅल्फर्डने त्यानंतर स्वतःच्याच नावाचा बँड काढला आणि ऑगस्ट २००० मध्ये ‘रिझरेक्शन’ हा अल्बम आणला. पुन्हा चामडं, पुन्हा दोन गिटार, आणि पहिल्याच गाण्यात तार सप्तकातली ती लखलखती किंकाळी. त्यातल्या एका गाण्यात त्याच्याबरोबर गायला आला ब्रूस डिकिन्सन, जो १९९९ मध्येच आयर्न मेडनमध्ये परतला होता. ‘स्कंकवर्क्स’ आणि ‘टू’ अशा दोन फसलेल्या वाटा चालून आलेले दोन गायक एका मायक्रोफोनशी भेटले. याच डिकिन्सनने १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात मेडनच्या जगदौऱ्याची सुरुवात केली, आणि बँडला घेऊन येणाऱ्या विमानाचा वैमानिकही तोच होता. त्या रात्री तिथे जमलेल्यांना हा सगळा प्रकार एका शब्दाने कळतो: घरवापसी. हॅल्फर्डची घरवापसी २००३ मध्ये झाली. जुडास प्रीस्टने त्याला परत घेतलं तेव्हा तो समलिंगी आहे हे जगाला ठाऊक होऊन पाच वर्षं लोटली होती. न्यू ऑर्लीन्सच्या त्या दारातून गेला नसता तर हे इतक्या लवकर, इतक्या सहज घडलं असतं का, हा प्रश्न मनातून जात नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसला ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या सोहळ्यात बँडचा गौरव झाला. एकाहत्तर वर्षांचा हॅल्फर्ड, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, खिळ्यांनी मढवलेला कोट. भाषणात त्याने बँडमधला समलिंगी माणूस अशी स्वतःची ओळख करून दिली आणि मेटलच्या कुटुंबात सगळ्यांना जागा आहे असं सांगितलं. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. क्लिपबोर्ड कुणाच्या हातून पडला नाही.

‘व्हॉयर्स’चं शेवटचं गाणं आहे ‘बेड ऑफ रस्ट’. गंजाचा बिछाना. सगळ्या अल्बमात यंत्रांनी आवाज झाकलेला असतो, पण इथे ठेका मंदावतो आणि गाणारा माणूस जरा जवळ आल्यासारखा वाटतो. वॉल्सॉलच्या लोखंडाच्या कारखान्यावरून रोज शाळेत गेलेल्या मुलाने हे नाव निवडलंय, हे माहीत असलं की ते गाणं वेगळंच ऐकू येतं.